बाहेरच्या गोलातले नट

माझ्या नातीनं, मनस्विनीनं, गारखेड्याच्या प्लॉटवरच्या ट्रकचा शोध घ्यायला सुरुवात केली, त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

मनस्विनी वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचे आजोबा गेल्या वर्षी गेले, मग गारखेड्याचा प्लॉट बांधायला द्यायचं ठरलं आणि तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास वर्षं उभा असलेला ट्रक भंगारात निघाला. ती म्हणाली, आधी मला बघू द्या. बघितला आणि त्याच्या नादीच लागली. संध्याकाळी पुंडलिकनगरला घरी आली की मला फोटो दाखवायची. समोरची काच वरून पुढं झुकलेली, कारण आकाशातल्या विमानाला तिची चमक दिसता कामा नये. इंजिन थेट ड्रायव्हरच्या मांडीशी घुसलेलं. असल्या गाड्या जपणाऱ्या परदेशातल्या लोकांना तिनं फोटो धाडले. चेसिसवरचा तेलकट थर खरवडला, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि नंबरचा ठसा घरी आणला. ट्रक बेचाळीस सालचा, कॅनडात बनलेला, महायुद्धासाठी बोटीनं हिंदुस्थानात आलेला, एवढं तिनं शोधून काढलं.

मग म्हणाली, आता फक्त आपल्याकडं आल्यानंतरचं राहिलंय, ते तू सांग.

मी म्हणाले, मला कुठं आता आठवतंय.

मला सगळं आठवत होतं.

माझे यजमान दत्तोपंत कचेरीत कारकून होते. त्यांच्या वडिलांनी जन्मभर लोकांच्या घरी पूजा सांगितल्या. अशा घरातल्या माणसानं छावणीतल्या लिलावात लष्कराचा ट्रक घेतला, तेव्हा सासूबाईंना त्याला ओवाळावं की विटाळ झाला म्हणून आपण आंघोळ करावी तेच कळेना. शेवटी दोन्ही केलं. पुंजाराम नावाचा ड्रायव्हर मिळाला, तो पूर्वी फौजेच्याच गाड्या चालवायचा. गारखेड्याला तेव्हा सगळी शेतं होती. एका शेताच्या कडेला शेड घातली आणि मी दुपारी भाकरी घेऊन तिकडं जायची. ट्रकच्या सावलीत बसून खाल्लेल्या त्या भाकरीची चव मला पुन्हा कुठं लागली नाही.

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. ट्रकवर लोखंडी टाकी बसवली आणि गंगापूरच्या बाजूला गावोगाव पाणी जायला लागलं. एका माणसाला फेऱ्या झेपेनात म्हणून गंगापूरकडचाच बन्सी दुसरा ड्रायव्हर आला. तिशीचा असेल. कमी बोलायचा. कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी विचारायचा. पुंजाराम त्याला चिडवायचा, हा पाणी पितानाबी इचारतो, पिऊ का म्हणून. बन्सी नुसता हसायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला बाजारात झेंडू नव्हता. पाण्यावाचून कुठून येणार? गाडीला हार नाही, हे माझ्या जिवाला लागलं. माझं वय चोवीस, हौस दांडगी. मी शेंदूर तेलात कालवला आणि ट्रकला नटवायला गेले. चाकांवर नटांचे दोन गोल होते, एक आतला आणि एक बाहेरचा. बाहेरच्या नटांवर आधीच कुठं कुठं लाल पुसट रंग होता. मला वाटलं, कुणीतरी पूर्वी पूजाच केलेली दिसते. मग मी दोन्ही गोलांतला एकेक नट शेंदरानं रंगवला. सहाही चाकं. फार सुंदर दिसत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुंजाराम गावी होता. मागच्या चाकाचा ब्रेक धरत होता आणि टाकी भरून उभी होती. बन्सीनं जॅक लावला, हातात पाना घेतला आणि थांबला. मी भाकरी घेऊन आले होते. त्यानं मला विचारलं, "वहिनी, लाल नटाला हात लावू नको म्हणून पुंजारामनं सांगितलंय. हितं तर समदेच लाल हायेत."

मी म्हणाले, "अहो, तो शेंदूर आहे, पूजेचा. उघडा बिनधास्त."

मी दहा पावलं गेले असेन. आवाज असा झाला की शेडचे पत्रे हलले. त्या चाकाची रिम दोन अर्ध्या थाळ्यांची असते. बाहेरचे नट त्या थाळ्या एकत्र धरतात आणि आतले चाक गाडीला धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले की थाळी तोफेसारखी सुटते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त मागं वळून बघितलं, आणि बघितलं ते सांगत नाही.

पुंजाराम परत आला. त्यानं फडक्यावर रॉकेल घेतलं आणि चाकावरचा शेंदूर पुसला. आतले नट हिरवे निघाले, बाहेरचे लाल. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. महिन्याभरात तो काम सोडून गेला.

सगळे म्हणाले, बन्सी नवा होता, घाई केली. दत्तोपंतही तेच म्हणाले. बन्सीची बायको सरूबाई आमच्या दारात आली तेव्हा तिच्या अंगावर तान्हं मूल होतं. तिनं मला विचारलं, "वहिनी, त्यांनी कुणाला इचारलं नाय का?"

मी मान हलवून नाही म्हणाले.

त्यानंतर दत्तोपंतांनी सगळा ट्रक निळा रंगवून घेतला, नटांसकट, आणि शेडमध्ये लावून टाकला. विकला नाही, चालवलाही नाही. लाल कुठं दिसू नये म्हणून निळा केला असेल का? तेवढं विचारायची हिंमत मला पन्नास वर्षांत झाली नाही.

म्हणून मनस्विनी रंगाचे थर खरवडते म्हणाली की मी विषय बदलायची. ती कधीतरी त्या नटांपाशी येणार. मग मला विचारणार. या वयात नातीच्या डोळ्यांसमोर कसली उभी राहणार मी?

परवा अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. मागं हवा भरायच्या मशीनचा आवाज होता. खूश होती. टायरांनी हवा धरली म्हणाली, फक्त पुढचं एक चाक गंजून धरलंय, साहेबराव मेस्त्री ते काढून बघणार आहेत. मग सहज म्हणाली, "आजी, एका नटावरचा निळा रंग काढला तर आत लाल निघाला. ही काही खूण आहे का गं?"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "पूजेचा शेंदूर असेल."

बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून राहिले. भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. एखाद्या मिनिटानं मला उमगलं, की बन्सीला जे सांगितलं तेच आता मी पोरीला सांगितलं. तेच शब्द. आणि चाकात हवा आहे.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. त्या मशीनपुढं तिला काय ऐकू येणार? घरात दुसरं कुणी नव्हतं. चपला सापडेनात, तशीच अनवाणी खाली उतरले. रस्ता तापला होता. रिक्षावाल्याला म्हणाले, गारखेडा, लवकर चल बाबा. तो म्हणाला, "बैठो अम्मा, पाच मिनट." गल्लीच्या तोंडाशीच पाण्याचा टँकर आडवा लागलेला. नळाला आठ दिवसांनी एकदा येणारं पाणीही आलं नव्हतं. बायका पाइप ओढत होत्या, टँकरवाला जागचा हलेना. माझा हात फोनवर, पुन्हा पुन्हा तेच बटण. कान त्या आवाजाची वाट बघत होते. दूर कुठं पत्र्याची बादली आपटली आणि मी किंचाळले. रिक्षावाल्यानं वळून बघितलं आणि मग फुटपाथवर चढवून गाडी काढली.

शेडच्या दारातून मला आधी मनस्विनी दिसली. चाकासमोर उकिडवी बसून ती टॉर्चच्या उजेडात नट बघत होती. शेजारी साहेबराव मेस्त्री, पान्यावर एक पाय देऊन. पाना बाहेरच्या गोलावर होता. दोन नट काढून फडक्यावर ठेवलेले.

मशीन धडधडत होतं. मी तशीच आत गेले आणि मेस्त्रीचा दंड धरला.

"आज्जी, तुम्ही कशाला आलात हितं?" ते म्हणाले. "लई घाण हाय."

"पाय काढा," मी म्हणाले. "बाहेरचे सोडू नका. आतले सोडा. आधी हवा काढा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग चाकाकडं. चाळीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस. ज्या थाळीवर नट होते तिची कड त्यांनी बोटानं चाचपली. फट जाणवली असावी, कारण एकदम मागं सरले, मनस्विनीला खांद्याला धरून बाजूला ओढलं आणि मशीन बंद केलं. मग चाकाच्या बाजूनं, समोर न येता, हात लांब करून वॉल्व्हची पिन काढली.

हवा सुटायला लागली. कितीतरी वेळ सुटत होती.

मेस्त्री खाली बसले. "अजून दोन काढले असते तर मी गेलो असतो," ते म्हणाले. "ही पोरबी."

मनस्विनीनं मला पाणी दिलं. माझ्या पायांकडं बघितलं, तळव्यांना फोड आले होते. म्हणाली, "तुला कसं माहीत?"

मग मी सांगितलं. झेंडूपासून सगळं. मेस्त्री उठून बाहेर गेले नाहीत, ते बरं झालं. एका अनोळखी माणसासमोर सांगितल्यामुळं मला काही गाळता आलं नाही. मनस्विनीनं मला जवळ घेतलं नाही, धीरही दिला नाही. तिच्या वहीत ट्रकची माहिती लिहिलेली होती, साल, नंबर, कारखाना. त्याखाली तिनं बन्सीचं नाव लिहिलं आणि विचारलं, सरूबाई आहेत का अजून?

काल आम्ही गंगापूरला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. सरूबाई ओसरीवर बसल्या होत्या, पाठीत वाकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलानं खुर्च्या आणल्या, सून चहा ठेवायला गेली. माझं नाव सांगितलं तरी त्यांना ओळख पटेना. ट्रकचं नाव काढलं तेव्हा पटली. दारातून परत फिरावं असं अजूनही वाटत होतं.

"सरूबाई," मी म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं. मला. मीच उघडा म्हणाले."

आत स्टोव्हचा आवाज येत होता.

"इचारलं आसंल, ते मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "इचारल्याबिगर ते कशाला हात लावायचे नाय. कुणाला इचारलं, तेवढंच ठावं नव्हतं."

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि चहा नको म्हणून सांगितलं.