बॅट घेऊन पळणारे डॉक्टर

मित्रांनो, दारामागच्या स्टँडमध्ये चार ओल्या छत्र्यांच्या मधोमध ठेंगणी तपकिरी काठी दिसते ना, ती काठी नव्हे, ती मी. मी बेसबॉलची बॅट आहे, अ‍ॅशच्या लाकडाची, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. परवा गॅसचे मीटर बघायला आलेल्या माणसाने मला चोरांसाठी ठेवलेला सोटा समजून दोन पावले मागे घेतली. मला राग आला. ज्यांच्या टोल्यांच्या गोष्टी कॉव्हेंट्रीत अजून सांगतात, त्या डॉक्टर कमलाकरांची मी बॅट.

माझा जन्म १९९९ मधला. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या नॉर्मन नावाच्या कारागिराने मला आपल्या शेडमध्ये लेथवर घडवले, पॉलिश पेपरने घासले, जवसाचे तेल पाजले आणि आपल्या बेसबॉल क्लबला भेट दिले. क्लबातल्या बाकी बॅटी अ‍ॅल्युमिनियमच्या. चेंडू लागला की टण्ण करून सगळे गाव गोळा करायच्या. मला त्या टेबलाचा पाय म्हणत. तीन वर्षे मला कोणी हातही लावला नाही.

मग २००२ च्या मे महिन्यात डॉक्टर आले. मूळचे नागपूरचे, हॉस्पिटलात भूल देणारे, वय एकेचाळीस आणि पोट वयाच्या थोडे पुढे. एक गडी कमी पडतोय म्हणून हॉस्पिटलातल्या पोर्टरने त्यांना ओढून आणले होते. सगळा जन्म क्रिकेट खेळलेला माणूस, लाकूड दिसताच त्यांनी मलाच उचलले. पहिलाच चेंडू बुटाच्या नाडीजवळ आला. बेसबॉलवाले असला चेंडू सोडून देतात. डॉक्टरांनी तो उचलून कुंपणापलीकडे पार्किंगमध्ये धाडला. काच फुटल्याचा आवाज आला. गाडी त्यांचीच निघाली. तरी ते घरी जाताना हसतच होते. त्या दिवसापासून सगळे त्यांना डॉक म्हणू लागले.

आता त्यांची खोड सांगते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून मोकळ्या हातांनी पहिल्या बेसकडे पळायचे असते. चेंडू आधी पोहोचला तर तुम्ही बाद. डॉक मला घेऊनच पळत. बेस जवळ आला की क्रिकेटच्या सवयीने वाकून मला जमिनीला टेकवत आणि बेसवर पाय ठेवायचे विसरत. सवय मोडता आली असती, पण मला टाकायला मुळात त्यांचा जीवच होत नसे. त्यांचे वडील शाळेत सुतारकाम शिकवत. हातातले हत्यार ठेवायचे असते, फेकायचे नसते, हे त्या घरातल्या मुलांना चालण्याआधी कळे. खंडेनवमीला डॉक मला स्टेथोस्कोपशेजारी पाटावर मांडून हळदकुंकू वाहत. चुकून पाय लागला तर नमस्कार करत. अशी बॅट ते चिखलात कशी फेकणार? खरे सांगते, मला ते फार आवडायचे. टणटण करणाऱ्या त्या बाकीच्या बॅटी दर टोल्याला चिखलात लोळत, आणि मी मात्र हातातून मिरवत जायची.

पण बॅट घेऊन पळणारा माणूस वेळेत पोहोचणार कसा? उपाय एकच होता. चेंडू सरळ मैदानाबाहेर मारायचा. त्याला होम रन म्हणतात, मग चारही बेसना सावकाश फेरी मारता येते. डॉक तेवढेच मारायला शिकले. असे ते नाइलाजाने महान झाले. चार मोसमांत एकसष्ट होम रन. लेस्टरहून माणसे बघायला येत, आणि डॉक मला खांद्यावर घेऊन वरातीतल्या नवरदेवासारखे फेरी मारत.

२००६ मध्ये त्यांचा खांदा कुरकुरू लागला. कुंपणापार जाणारे चेंडू आत पडू लागले, आणि डॉक पहिल्याच बेसवर बाद होऊ लागले. अकरा वेळा. अकराही वेळा मी हातात. मोसमाचा शेवटचा सामना वरच्या गटात जाण्यासाठी होता. आमची कोच बेव्ह, पेशाने बस चालवणारी, त्या सकाळी स्पष्टच बोलली.

"डॉक, आज बॅट घेऊन पहिला बेस गाठलास, तर पुढच्या वर्षी तुझी जागा दुसऱ्याला. वाईट वाटेल मला, पण देईन."

डॉक बाकावर येऊन बसले. आठवडाभर ते दुसऱ्यांचे श्वास मोजत. मनापासून हसत ते फक्त या मैदानावर. तेच जायची वेळ आली होती, आणि तीही माझ्यामुळे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाल्मली जवळ आली.

"बाबा, टाक ना बॅट. ती नाही रागवणार."

"रागवायचा प्रश्न नाही गं. मला फेकवतच नाही."

"पण ऑपरेशननंतर तू ग्लोव्ह्ज बिनमध्ये थ्रो करतोस ना?"

"ते वेगळं असतं."

"अहो, लाकूड आहे ते," डब्यातून चकल्या काढत त्यांच्या पत्नी सुप्रभाताई म्हणाल्या. "आणि जागा गेली तर दर वीकेंडला घरात तोंड पाडून बसाल. ते मला झेपायचं नाही."

शेवटच्या डावात धावा बरोबरीत होत्या. दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की डाव संपणार, आणि तिसऱ्या बेसवर तोच पोर्टर. डॉकनी पहिला बेस चेंडूआधी गाठला, तरच पोर्टरची धाव धरणार होते. डॉकनी मला फिरवले. चेंडू उडालाच नाही. गवतातून सरपटत डावीकडे गेला.

डॉक पळाले. एक पाऊल, दोन पावले, मी हातातच. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, टाका मला. बोलता आले असते तर ओरडले असते. तेवढ्यात त्यांची बोटे सुटली. त्यांनी मला ठेवले नाही, चांगले भिरकावले. मी ओल्या गवतात आपटले, दोनदा गडगडले आणि पंचांच्या बुटाला टेकून थांबले.

तिथून मला डॉक दिसले. पोट पुढे, कोपरे बाहेर, टोपी कुठल्या कुठे गेलेली, आणि काय पळत होते ते. अर्ध्या पावलाने चेंडूच्या आधी पोहोचले. पोर्टर धाव पुरी करून माझ्याशेजारीच कोसळला. सगळ्यांनी डॉकना उचलले. बेव्हने त्यांच्या टकलाचा मुका घेतला. त्या गोंधळात माझी कोणाला आठवण राहिली नाही, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. पुसा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. पण जिवाच्या आकांताने पळायची वेळ आली, तर खुशाल फेकून द्या. पाच मोसम मी डॉकच्या हातात होते. त्यांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.