शिकाऊ, शिपाई, सरदार, यमदूत

माणसाची खरी परीक्षा संकटात होते, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. संकट केवढं हवं हे आधी विचारून घ्यायची सोय मात्र त्यांच्या काळी नव्हती. ती सोय चष्मेवाल्याच्या घरी आली आणि त्याची झोप उडाली.

चष्मेवाला पन्नाशीचा, स्वतःचं दुकान असलेला, गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलणारा गृहस्थ. घरातली मागची खोली त्याची. तिथे टीव्ही, दोन खुर्च्या आणि व्हिडिओ गेमचे दोन कंट्रोलर. दुसऱ्या कंट्रोलरचं वेष्टन अजून फाटलं नव्हतं, कारण त्याच्यासोबत गोळ्या झाडायला घरातलं कोणी तयार नव्हतं. बायको घरीच पडदे शिवायची. तिचं मशीन जेवणाच्या टेबलावर मांडलेलं, त्यामुळे घरातले सगळे गेली चार वर्षं कापडाचे तागे बाजूला सारून जेवत होते.

शेवटी तिने निकाल दिला. "एकदाच खेळेन तुमच्याबरोबर. आवडलं तर खोली तुमची. नाही आवडलं तर टीव्ही बाहेर, मशीन आत."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा खेळायला हो म्हणाली होती. त्या आनंदात चष्मेवाल्याने एका आजोबांना दोन्ही डोळ्यांना डाव्याच डोळ्याचा नंबर लिहून दिला. आजोबाच परत येऊन समजावून गेले.

नवा खेळ सुरू होतानाच विचारायचा, पातळी कोणती? शिकाऊ, शिपाई, सरदार की यमदूत? शिकाऊ घेतली तर बायको कंटाळणार, यमदूत घेतली तर चिडणार, आणि दोन्हीकडून खोली जाणार. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, पहिल्याच खेळीला यमदूत. दुसरा विचार नको."

"तू यमदूतवर खेळलास?"

"मी शिकाऊवरच अर्ध्यात सोडला. पण तत्त्व म्हणून सांगतोय."

रविवारी दुपारी बायको ओले हात पुसत खुर्चीत बसली. कंट्रोलर उलटा धरला, मग सुलटा. टीव्हीवरचं सगळं वाचून काढलं, अगदी तळापर्यंत.

"अहो, पातळी मध्येच केव्हाही बदलता येते, असं लिहिलंय खाली."

"ते घाबरटांसाठी," चष्मेवाला म्हणाला खरा, पण त्याचा जीव भांड्यात पडला. दिवसभर जे काम करून तो पोट भरतो, तेच त्याने इथे सुरू केलं. डोळ्यांपुढे एक भिंग, मग दुसरं.

"नीट बघ. हे बरं," त्याने शिकाऊ लावली.

समोरचा शत्रू चार हात अंतरावर उभा राहून भिंतीला गोळ्या घालत होता. "याला आधी तुमच्या दुकानात पाठवा," बायको म्हणाली.

"की हे?" शिपाई.

"हे मला मारायला आलेत की मी मारीन म्हणून वाट बघतायत?"

"बरं, मग हे?" सरदार. बायको एका ट्रकमागे दडली. तिथूनच एकाला टिपलं, मग दुसऱ्याला. ती खुर्चीच्या काठावर आली होती.

"आधीचं बरं की हे?"

"गप्प बसा, डावीकडून येतोय."

त्याने देवाचं नाव घेऊन यमदूत लावली. बायकोने दाराबाहेर पाऊल टाकलं आणि मेली. परत टाकलं, परत मेली. नंतर तर दार उघडता उघडताच मेली. चष्मेवाल्याला खोलीतून टीव्ही बाहेर जाताना दिसू लागला.

"कमी करू का जरा?"

"हात लावून बघा." तिचे डोळे लकाकत होते. "तो गच्चीवरचा आहे ना, गोळ्या संपल्या की खाली वाकतो मेला. तुम्ही समोरून बोंबलत पळा. तो तुम्हाला मारेल, वाकेल, की मी त्याला मारते."

"म्हणजे मी मरायचं?"

"आज दुसरं काही काम आहे तुम्हाला?"

चष्मेवाला बोंबलत पळाला. इतक्या आनंदाने तो आयुष्यात कधी मेला नव्हता. गच्चीवरचा खाली वाकला, वर आला, आणि तिथेच आडवा झाला. पलीकडचं फाटक करकरत उघडलं. बायको उभीच राहिली होती, आणि चष्मेवाला तिच्या पाठीवर थापा मारत होता. ऐन दुपारी शेजारच्यांनी भिंत ठोकली, तरी दोघांपैकी कोणाला ऐकू गेलं नाही.

"हीच ठेवा," ती धापा टाकत म्हणाली. "आणि उद्या दुकान लवकर बंद करा."

खोली वाचली. चष्मेवाल्याला भरून आलं. एवढ्या नाजूक परिस्थितीत आपण अचूक नंबर काढला, हे कोणाला तरी सांगावं म्हणून तो मेहुण्याला फोन लावायला उठला.

तेवढ्यात बायको टेप घेऊन आली आणि तिने खिडकीखालची भिंत मोजली. मशीन तिथे ठेवून, टीव्ही आणि दोन्ही खुर्च्या आहेत तिथेच ठेवूनही जागा उरत होती.