जिन्याचा त्रास नाही

‘मला गोड गोड सांगू नकोस. गुडघा माझा कापणार आहेत, तुझा नाही. खरं काय ते बघ आणि रविवारी मला सांग. तू हो म्हणालीस तर सोमवारी जाईन. नाहीतर ही काठी आहेच, निदान उलट तरी बोलत नाही.’

सासूबाईंचं हे बोलणं सुनेच्या कानातून जात नव्हतं. ‘खरं तेच सांगेन,’ असा शब्द ती देऊन बसली होती आणि आता तोच शब्द तिला टोचत होता.

गुडघे आणि खुबे बदलणाऱ्या हॉस्पिटलातच ती कामाला होती. ऑपरेशनला वर्ष झालं की पेशंटला फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे: दुखतं का, झोप लागते का, जिन्याचा त्रास होतो का. त्या उत्तरांवर मोठे सर, म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर, शोधनिबंध लिहीत होते. दिवसभर विचारत बसते म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणायचे. तीही त्या नावाला ओ देई.

रोज सकाळी हात जोडून ती एकच नेम धरायची, की आज कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. बोलण्याचा नेम ती पाळत होती. मन मात्र नेमात बसायला तयार नव्हतं, कारण उत्तरं फार चांगली येत होती. दुखण्याबद्दल माणसं कुरकुरत, झोपेबद्दल रडत; पण जिन्याचं विचारलं की एकजात सगळे म्हणत, काही त्रास नाही. साठी-सत्तरीची माणसं जिन्याबद्दल एक शब्द वाकडा बोलत नाहीत, हे तिला पटेना. दाल में काला म्हणतात तसं काहीतरी होतं.

बुधवारी तिने एका शिंपीणबाईंना फोन लावला. बाई ‘जिना होय...’ म्हणून थांबल्या. मागून पुरुषाचा दबका आवाज आला, “त्रास नाही म्हण, आई.” आणि लगेच बाई म्हणाल्या, “काही त्रास नाही हो.”

चौकशीबाईने फोन ठेवला. यांना कुणी पढवलं?

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांवर तिचा संशय गेला. पेशंट घरी जायला निघाला की प्रत्येकाला चार गोष्टी त्याच सांगत. सरांच्या केबिनपर्यंत त्यांचा शब्द चाले. त्यात दुपारी सर स्वतःच टेबलापाशी आले.

“चौकशीबाई, फोनवर उरकतंय ना?”

“उरकतंय, सर. एक-दोन घरी जाऊन बघावं म्हणते.”

“कशाला? चपला झिजवायच्या आहेत का?”

सर हसून निघून गेले. एरवी ती गंमत समजली असती. आज तिला वाटलं, हे मला अडवतायत. घरी सासूबाईंच्या गुडघ्याला शेक देताना तिची नजर वर उठली नाही. “तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?” सासूबाईंनी विचारलं. “रविवार अजून यायचाय, आई,” एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी सुटल्यावर ती शिंपीणबाईंच्या घरी गेली. दार मुलाने उघडलं आणि तो दारातच उभा राहिला.

“सगळं फोनवर सांगितलंय की.”

“हो. पण फोनवर गुडघा दिसत नाही ना, दादा.”

तेवढ्यात आतून शिंपीणबाई आल्या. काठी नाही, लंगडणं नाही, ताठ चाल. पदर सावरत खुर्चीवर बसल्या, उठल्या, पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. चौकशीबाई बघतच राहिली. गुडघा खरोखर चांगला झाला होता. मग लपवायचं काय?

“जिन्याचा त्रास?”

बाईंनी मुलाकडे पाहिलं. “अजिबात नाही.”

बाईंच्या मागेच जिना होता. पहिल्या पायरीवर बादली, दुसरीवर जुना पंखा, तिसरीवर गोधड्यांचं गाठोडं. वरच्या पायऱ्यांवर रिकामे डबे आणि सगळ्यावर धुळीचा थर. एका पायरीवर कोळ्याने जाळंही विणलं होतं.

तिने प्रश्न बदलला. “जिना चढता का हो तुम्ही?”

“नाही बाई. ऑपरेशनपासून पाय ठेवला नाही.”

“मग त्रास नाही कसं म्हणालात?”

“चढलेच नाही तर त्रास कसला होणार?” शिंपीणबाई इतक्या सरळपणे म्हणाल्या की चौकशीबाईला हसावं की डोकं धरावं कळेना.

“आणि वर काय आहे?”

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मुलगाच म्हणाला, “मशीन. पायाचं, लोखंडी. वर खिडकीत असतं. खाली आणायला चार माणसं लागतील आणि ठेवायला जागाही नाही.”

“चाळीस वर्षं पाय मारला त्याच्यावर,” बाई म्हणाल्या. “गुडघा बदलला तो कशाला? खुर्चीवर बसायला?”

“आई, पुन्हा तेच नको.” मुलगा चौकशीबाईकडे वळला. “ताई, सिस्टरांनी बजावलं होतं, जिन्यावरून पडलात तर मला तोंड दाखवू नका. आता ही चढायचं म्हणते हे कळलं तर तुम्ही लोक ओरडाल. म्हणून म्हटलं, त्रास नाही सांग.”

चौकशीबाईने डोळे मिटून घेतले. तीन दिवस तिने मनातल्या मनात कुणाकुणाला फासावर चढवलं होतं.

शनिवारी सकाळी तिने मोठ्या सिस्टरांना गाठलं आणि त्यांचं ते ‘तोंड दाखवू नका’ कुठवर गेलं ते सांगितलं. सिस्टर आधी खो खो हसल्या. “अगं, ते मी सगळ्यांनाच म्हणते. गमतीत.” मग त्यांचं हसू आटलं. “सगळ्यांनाच म्हणते,” त्या पुन्हा म्हणाल्या, हळू आवाजात. शिंपीणबाईंचे कागद त्यांनी सरांपुढे धरले. सरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, “या बाईंनी महिन्या-दोन महिन्यांतच चढायला हवं होतं. कठडा धरून, सोबत कुणीतरी घेऊन. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.” मग चौकशीबाईकडे न बघता म्हणाले, “लिहिणं थांबवतो. सगळ्यांना परत फोन लावा. आधी विचारा, चढता का.”

तिने तिथूनच शिंपीणबाईंना फोन केला. “उद्या सकाळी येते. जिना मोकळा करून ठेवा. मी मागे उभी राहीन.”

“नक्की याल?”

“नक्की.”

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलंच. “काय मग, हो की नाही?”

“गुडघा चांगला होतो, आई. तेवढं डोळ्यांनी पाहिलं. पण पुढे माणूस तो वापरतो की नाही, हे आम्ही कुणाला धड विचारलंच नव्हतं. उद्या एका बाईंना जिना चढताना बघते, मग सांगते.”

सासूबाईंनी काठीचं टोक जमिनीवर टेकवलं. “आणि माझ्या वेळी मला कोण चढवणार?”

“मीच. दुसरं कोण?”

“बघ हं. मी जड आहे.”

रविवारी सकाळी तिने हात जोडले. नेम म्हणताना आज एक शब्द वाढवला: वाईट बोलायचं नाही, आणि विचारल्याशिवाय वाईट धरायचंही नाही. सासूबाई खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून डुलक्या घेत होत्या. तिने काठी त्यांच्या हाताशी सरकवून ठेवली, चपला हातात घेतल्या, कडी वाजू न देता दार ओढून घेतलं आणि शिंपीणबाईंच्या घराकडे निघाली.