रिकाम्या बाकांवरचे शब्द

काचेच्या पेल्यात खाली पाणी होते, वर खोबरेल. दोहोंमध्ये एक रेषा, केसाहून बारीक, निश्चल. तेलावर तरंगती वात, वातीवर निळ्या बुडाची ज्योत. शनिवारची सकाळ रंगीत तावदानांतून उतरत होती. लाकडी बाकांवर जांभळा उजेड, मग केशरी, मग पुन्हा जांभळा. बसायला माणसे नव्हती, म्हणून उजेडच बसला होता.

मुंबईच्या बंदरामागच्या या अरुंद गल्लीत कधीकाळी गलबतांतून माणसे आली. रेवदंड्याची, नागावची, झिराडची. तेलगंधी हातांची, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी यहुदी माणसे. गावागावाने आपापले इवलेसे सिनेगॉग उभारले. एकातली प्रार्थना दुसऱ्याच्या भिंतीला ऐकू जायची.

मग ती माणसे पुन्हा निघाली. कोणी ठाण्याला, कोणी थेट इस्राएलला. एका सिनेगॉगचे गोदाम झाले. एकाचा जिना तेवढा उरला. हे एक उरले, आणि हे उरले म्हणून त्याचा कारभार पाहणारे मुकादम, एझ्रा नागावकर, उरले.

पडद्याआड, मखमली झग्यात, तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी, उभी होती: चर्मपत्रावरची, हस्तलिखित, मौनमग्न. दहा पुरुष जमल्याशिवाय तिला बाहेर काढत नाहीत. पावसाळा गेला, हिवाळा गेला. ती निघाली नव्हती. ठाण्याची माणसे तिला मागत होती. एझ्रा दर वेळी ‘पाहू’ म्हणत.

माणसे आकड्यांनी मोजू नयेत, ही रीत. म्हणून एझ्रा दहा शब्दांचे एक वचन म्हणत आणि ज्याच्या त्याच्यावर एकेक शब्द ठेवत. आज त्यांच्यासकट चार वृद्ध. चार शब्दांना चार चेहरे मिळाले.

तिथे थांबायचे. पण जीभ सवयीने पुढे गेली. पाचवा शब्द केशरी बाकावर पडला, पुढचा जांभळ्यावर, आणि शेवटचा उंबऱ्याशी, जिथे कोणीच नव्हते. वचन पूर्ण झाले. एझ्रांनी तोरेचा पडदा सारायला हात उचलला.

वरच्या सज्जातून, बायकांच्या जागेतून, आवाज आला. तिथे आता एकट्या सेगुल्लाबाई बसत.

“एझ्राभाऊ, पाचवा माझ्या लेकाच्या, मोशेच्या जागेवर पडला की हो. त्याला मातीत ठेवून चौथं वर्ष लागलं.”

हात हवेतच राहिला.

“आणि दारात कोण, तुमचा लेक अब्राहम? इस्राएलहून उपाशीच आला असेल. शब्बाथला चूल बंद नसती, तर पोळ्या लाटल्या असत्या त्याला.”

खाली कोणीतरी हसले. ते हसू उंच छताला लागले आणि म्हातारे होऊन परत आले.

“थट्टा पुरे,” सेगुल्लाबाई हळू म्हणाल्या. “तोरेला ऐकणारे कान हवेत, भाऊ. आपण तिला नुसती जपतोय.”

एझ्रांनी तळवा पडद्यावर टेकला. मखमल थंड होती. तिच्यापलीकडे अक्षरे होती; ओळीओळीने, अंधारात, एकमेकांना बिलगून; न उच्चारलेली, न संपलेली, कोणाच्या तरी श्वासासाठी खोळंबलेली.

“जाऊ दे,” ते पडद्याशी पुटपुटले. मग वळले, सज्जाकडे पाहिले, आणि साऱ्या बाकांना ऐकू जाईल असे म्हणाले,

“जाऊ दे तिला ठाण्याला. तिथं पोरं आहेत. वाचतील.”