भिजणाऱ्या चाकाचे ग्रीस

मित्रांनो, तुमच्या दंडावर देवी टोचल्याच्या गोल खुणा असतील. त्या खुणा करायला गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाची मी सायकल. आता माझी घंटी वाजत नाही, सीट फाटली आहे आणि मागचा मडगार्ड कुठल्याशा नाल्यात गळून पडला. वय झाले, त्याला इलाज नाही. पण माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की ती गंज चढण्यापूर्वी कोणाला तरी सांगून टाकावी असे वाटते.

माझे भाग विलायतेत घडले. आगबोटीने ते मुंबईला आले, तिथून रेल्वेने खामगावला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राज्य इंग्रजांचे होते. खामगावच्या एका दुकानात मला जोडून उभे केले आणि तिथून उकंडराव मला घेऊन गेले. उकंडराव देवी टोचण्याच्या खात्यात होते. उंच, सडपातळ, डोक्याला फेटा आणि बोलणे फार कमी. माझ्या मागच्या कॅरिअरवर ते एक मडके बांधत. मडक्यात ओला कोंडा आणि कोंड्यात लसीच्या काचेच्या बारीक नळ्या. लसीला ऊन सोसत नाही. ती तापली की मरते, आणि मेलेली लस टोचली तर काहीच उपयोग होत नाही. म्हणून त्यांना सायकल हवी होती. पायी जाणाऱ्याची लस वाटेतच मरायची.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. सायकलच्या चाकाच्या मध्ये एक दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी वाट्या असतात. त्या वाट्यांत छर्रे फिरतात. माझ्या मागच्या चाकात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ छर्रे आहेत, प्रत्येक हरभऱ्याएवढा. सगळा भार त्या अठरा दाण्यांवर असतो, आणि त्या दाण्यांना वंगण लागते.

पहिल्या वर्षी उकंडरावांनी चाकांत घरातले जवसाचे तेल सोडले. दोन महिन्यांत माझी चाके जड झाली. तेव्हा कोणीतरी त्यांना रहेमतुल्लांकडे पाठवले. रहेमतुल्ला जिनिंग कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी घराच्या ओट्यावर सायकली दुरुस्त करत. त्यांनी चाक उघडले आणि हसले.

"उकंडराव, जवसाचं तेल दाराच्या चौकटीले लावा. लाकडावर थे सुकते, बरं दिसते. इथंबी सुकलं, पाहा. लाख झाली त्याची."

त्यांनी सगळे छर्रे घासलेटात धुतले, फडक्याने पुसले आणि एका मळकट डब्यातले पिवळट ग्रीस बोटाने वाट्यांत भरले. ते लोण्यासारखे मऊ होते. दिसायला काही खास नव्हते. पण त्यानंतर पाच वर्षे मी कुरकुरले नाही. दर दिवाळीनंतर रहेमतुल्ला मला उघडत, धुवत आणि पुन्हा भरत. लोक म्हणत, "देवीवाल्याची सायकल आली तरी कळत नाही, आवाजच नाही तिले." हे ऐकून मला बरे वाटे.

सहाव्या वर्षी दिवाळीनंतर रहेमतुल्लांची मुलगी नूरजहां आजारी पडली आणि ते दोन महिने तिच्या सासरी जाऊन राहिले. उकंडरावांनी वाट पाहिली आणि मग स्वतःच बाजारात गेले. तिथे दोन डबे होते. एकात नेहमीचे मळकट ग्रीस. दुसऱ्यात सोन्यासारखे चकचकीत. बोट बुडवून वर उचलले की त्याची लांब तार सुटे. दुकानदार म्हणाला, हे मोठ्या इंजिनात घालतात. उकंडरावांनी विचार केला, जे इंजिनाला चालते ते सायकलीला चालणारच. तारही चिवट आहे, छर्ऱ्यांना धरून राहील. त्यांनी ते घेतले आणि हौसेने माझ्यात भरले.

महिनाभर मी सुरेख चालले. मग रहेमतुल्ला परत आले. रस्त्यात त्यांनी माझ्या चाकाजवळ बोट लावले, बोटांत ते ग्रीस चोळले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे इंजिनाचं होय भाऊ. इंजिन तापते, म्हनून त्याले हे लागते. तुमची सायकल काय तापते? तिचं काम भिजायचं. रोज नदी-नाल्यातून जाते ती. उद्याच आना, काढून टाकू."

"आनतो. मंगळवारी आनतो," उकंडराव म्हणाले.

मंगळवारी त्यांना पिंपळगाव राजाला जावे लागले. पुढच्या मंगळवारी आणखी कुठे. माझ्या मागच्या चाकातून आता बारीक खरखर येऊ लागली होती. उकंडरावांना ती ऐकू येत होती, हे मला ठाऊक आहे. कारण ते कधीकधी पायडल थांबवून मान वळवत आणि पुन्हा पुढे जात.

फाल्गुनात पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या एका वाडीत देवीची साथ आली. त्या वाडीने तोवर कोणाला टोचू दिले नव्हते. दोन वर्षे तानुबाईने उकंडरावांना दारातूनच परतवून लावले होते. तानुबाई म्हणजे तिथल्या एका शेतकऱ्याची बायको. तिच्या शब्दाबाहेर वाडीतली कोणी बाई जात नसे. आता शेजारचे मूल दगावले तेव्हा तिनेच निरोप पाठवला, की या, सगळी पोरे गोळा करून ठेवते.

आम्ही खामगावहून पहाटेच निघालो. पिंपळगाव राजा मागे पडले, नदी ओलांडली. पाणी गुडघाभर होते. पलीकडच्या चढावर माझ्या मागच्या चाकात काहीतरी कडकन तुटले. एक छर्रा फुटून इतरांत अडकला आणि चाक जागच्या जागी बसले. उकंडराव पडले, मी पडले आणि मडके फुटले. ओला कोंडा धुळीत सांडला. नळ्या मात्र शाबूत होत्या.

त्यांनी चाक फिरवून पाहिले, लाथ मारून पाहिली, दगडाने ठोकले. त्यात तासभर गेला. मग धोतराचा सोगा खाली नदीवर भिजवून नळ्या त्यात गुंडाळल्या, माझे मागचे चाक उचलून धरले आणि मला ढकलत तीन कोस चालले. नदी मागे राहिली आणि पुढे वाटेत विहीर नव्हती. सोगा वाळला. वाडीत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता.

लिंबाखाली तेवीस पोरे सकाळपासून बसली होती. काही झोपली होती. तानुबाई पुढे आली. कडेवर सहा महिन्यांचा मुलगा, बोटाला चार वर्षांची कोकिळा.

"लस ताजी हाये ना?" तिने विचारले. बहुधा कोणीतरी तिला तसे विचारायला सांगितले असावे.

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिले, मग त्या पोरांकडे. ज्या वाडीने इतकी वर्षे दार बंद ठेवले होते तिला आता परत जा म्हणायचे? ते म्हणाले, "हो."

त्यांनी तेवीसही पोरांना टोचले. मला तानुबाईच्या गोठ्याला टेकवले आणि ते बैलगाडीने परत गेले.

आठ दिवस मी त्या गोठ्यापाशी होते. टोचलेल्या जागी फोड यायला हवा, तो आला म्हणजे लस लागली. रोज बाया एकमेकींच्या पोरांचे दंड पाहत. एकालाही फोड आला नाही. आठव्या दिवशी उकंडराव आले तेव्हा कोकिळा तापाने फणफणली होती आणि तिच्या कपाळावर पुरळ उठले होते. उकंडरावांनी एकेक पोराचा दंड पाहिला. "पुन्हा टोचावं लागेल," ते म्हणाले. एका म्हातारीने आपल्या नातवाला ओढून घरात नेले. मग दुसरीने. अंगण रिकामे झाले.

मला गाडीत घालून त्यांनी थेट रहेमतुल्लांच्या ओट्यावर आणले. चाक उघडले तर आत ग्रीस नव्हतेच. पांढुरका, साबणासारखा फेस आणि लाल गंज.

रहेमतुल्लांनी आपल्या आणि उकंडरावांच्या डब्यातले थोडे थोडे ग्रीस दोन तळव्यांवर घेतले, वर पाणी टाकायला लावले आणि बोटांनी चोळले. चकचकीत ग्रीस दुधासारखे पांढरे होऊन पाण्याबरोबर वाहून गेले. मळकट ग्रीस तसेच राहिले. पाण्याचे थेंब त्याच्यावरून घरंगळले.

"हे सोडा घालून केलेलं, इंजिनासाठी. हे चुना घालून केलेलं, पान्यासाठी," ते म्हणाले. "दोनी चांगले हायेत. पन आपापल्या जागी."

"मी आलो काऊन नाही त्या मंगळवारी?" उकंडराव म्हणाले. रहेमतुल्लांनी नव्या वाट्या, नवे छर्रे घातले, ग्रीस भरले, चाक फिरवून पाहिले आणि पाना पुसला.

चौथ्या दिवशी नवी लस आली. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मडक्यातला कोंडा गार होता. दारे लावलेली होती. आतून कोकिळेचे कण्हणे ऐकू येत होते. उकंडराव तानुबाईच्या अंगणात उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"तानुबाई, त्या दिवशी तुमी इचारलं, लस ताजी हाये का. मी हो म्हनलो. मले तवाच शंका होती. माही सायकल वाटेत मोडली, मडकं फुटलं, लस उन्हात तापली. सायकल मोडनार हेबी मले आधीच कोनी सांगतलं होतं. लस खोटी नव्हती. मी खोटं बोललो."

दार उघडले. तानुबाईचे डोळे सुजले होते.

"त्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

मला वाटले, आता ही दगड उचलणार. पण ती आत गेली आणि लहान मुलाला घेऊन बाहेर आली. त्याचा दंड तिने उघडा केला.

"मी तुम्हाले माफ नाही करत," ती म्हणाली. आणि बंद दारांकडे वळून ओरडली, "लस खोटी नोहती वं. मानूस चुकला. आना पोरं बाहीर!"

दारे एकेक करून उघडली. दुपारपर्यंत बावीस पोरे टोचून झाली. या वेळी सगळ्यांच्या दंडांवर फोड आले. त्या वाडीतले आणखी कोणी त्या साथीत दगावले नाही. कोकिळा वाचली, पण तिचा डावा डोळा गेला.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला तुम्हाला शहाणपण शिकवता येत नाही. एवढेच मागते. तुमच्या घरी सायकल असेल, रहाट असेल, शिवणयंत्र असेल, तर वंगण घेताना डब्याची चकाकी पाहू नका. ते यंत्र तापते की भिजते, धुळीत चालते की सावलीत, हे आधी पाहा, आणि जाणत्याला विचारा. जुने पुसून काढल्याशिवाय नवे भरू नका. आणि चाक खरखरायला लागले, तर मंगळवारची वाट पाहू नका.

पुढे उकंडराव त्या वाडीत बारा वर्षे येत राहिले. तानुबाईने त्यांना कधी पाणीसुद्धा विचारले नाही. पण दर साली वाडीत जन्मलेली बाळे लिंबाखाली आणून बसवायची ती तीच, आणि मोठी झाल्यावर बायांना बाळांचे दंड धरायला शिकवायची ती कोकिळा.