चढी पट्टी

थोरलीनं पेटीवर काळी चार दाबली आणि भाता हलवला. समोर तिची धाकटी जाऊ स्वर लावून उभी होती. तिचा गळा काळी तीनच्या पट्टीत मोकळा लागतो, त्याच्या वर चिरकतो, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. धाकटीला मात्र पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिळेल त्या स्वरात ती बिचारी गायची.

रविवारी चर्चमध्ये बायबलमधली कथा गाऊन उपदेश व्हायचा होता. वीस वर्षं तो थोरलीच गात आली होती. यंदा पाळक सहज म्हणावं तसं म्हणाले, "या वेळी धाकट्या बाईंना गाऊ द्या, तुम्ही पेटी सांभाळा." थोरली हसून "हो" म्हणाली आणि घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

कथा घर सोडून गेलेल्या मुलाची. तो परततो, आत मेजवानी सुरू होते आणि थोरला भाऊ रुसून बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो, ती ओळ सगळ्यात उंच. तिथंच धाकटीचा आवाज फाटला. तिसऱ्यांदा.

"मांजर अडकलंय का गं दारात?" आतल्या खोलीतून धाकटीच्या नवऱ्यानं विचारलं.

थोरलीनं हसू भात्याआड लपवलं.

धाकटी मटकन खाली बसली. "ताई, तुम्हीच गा. मी सांगते पाळकांना. दोन आठवडे उपास करतेय हो. म्हटलं, माझ्याच मनात काही खोट असेल, म्हणून देव आवाज देत नाही."

भाता थांबला.

"उपास? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? पेटी तर बरोबरच असते तुमची."

हवं ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. थोरलीनं पेटीचं झाकण लावलं.

"आधी दोन घास खा. रविवारी तूच गायचंस."

"आणि फजिती झाली तर?"

थोरली ताट वाढायला उठली.

रविवारी सगळं चर्च धाकटीकडे बघत होतं. थोरलीचं बोट काळी चारवर गेलं, क्षणभर तिथंच घुटमळलं, मग खाली काळी तीनवर आलं.

गाण्यातला बाप बाहेर आला, त्यानं थोरल्याला हाक मारली. धाकटीचा आवाज न अडखळता वर गेला आणि वरच स्थिरावला. पहिल्या बाकावरच्या म्हातारीनं डोळे पुसले. वीस वर्षांत थोरलीच्या गाण्याला तिनं फक्त मान डोलावली होती. थोरलीला ते दिसलं, लागलंही. पण हात चालत राहिला.

लोक पांगल्यावर धाकटी जवळजवळ धावतच आली. "ताई, आज कसा हो गेला आवाज?"

"पट्टी उतरवली." थोरली पेटीकडे बघत म्हणाली. "तालमीत मुद्दाम चढी देत होते मी."

धाकटीचं हसू ओठांवरच विरलं. बाहेर कुणीतरी तिला हाका मारत होतं. ती गेली नाही.

"पेटी शिकवा मला," शेवटी ती म्हणाली. "यापुढे पट्टी मी ठरवीन."

थोरलीनं पेटीमागच्या बाकावर जरा सरकून तिला जागा केली.