कोनाड्यातली कुपी

नंदकुमारच्या बोटांना सूज आली तेव्हापासून लिहायचं काम मृणालिनीकडे आलं. तो उशीला टेकून सांगायचा, आणि ती चटईवर बसून, पुढ्यात पाट ओढून, पाटावर कागद ठेवून लिहायची. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आई-वडिलांच्या मागे ही भावंडंच राहत. ती पालिकेच्या शाळेत शिकवायची, तो भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आता त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. बहिणीची द्यावी तर रक्त जुळलं नव्हतं. ठरल्या वारी त्याला हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर न्यायचं आणि उरलेले वार देवावर सोडायचे, असं त्या घराचं चाललं होतं.

लिहायचं होतं ते मात्र भलतंच. नंदूच्या एका मित्रानं मागे अमेरिकेहून एक खेळ आणला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी. 'मी दार ढकलतो', 'मी दिवा विझवते' असं म्हणत पुढे सरकायचं. जमलं की नाही ते वीस तोंडांचा एक फासा सांगणार. घाव बसला की प्राण उणे होतात, प्राण संपले की ते माणूस मेलं.

त्यात नवख्यांसाठी एक छोटी गोष्ट होती. देवळातली घंटा चोरीला जाते, ती गुहेतून परत आणायची, गुहेच्या टोकाला एक विषारी कोळी. नंदूनं ती पूर्वीच मराठीत बसवली होती. यंदा मित्रानं खेळाची नवी पेटी पाठवली. नियम नवे, शिकाऊ माणसाला कळतील असे सोपे केलेले. पण जुन्या गोष्टीतले आकडे नव्या नियमांत बसेनात. तळमजल्यावरची सुलक्षणा कॉलेजात जायला लागल्यापासून 'नंदूदादा, शिकव ना' म्हणून मागे लागली होती. तेव्हा गोष्ट नव्यानं बेतायची, असं ठरलं.

मृणालिनीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते सांगताना नंदूच्या आवाजात जी धार येई, तिच्यासाठी ती रात्रभरही लिहीत बसली असती.

नंदू तसा नियमाचा माणूस. एकदा श्यामकांतचा, त्याच्या बालमित्राचा, लाडका योद्धा एका फाशानं मेला. श्यामकांतनं हातापाया पडून पाहिलं, मग कित्येक दिवस अबोला धरला. पण सूत्रधार झालेल्या नंदूनं तो योद्धा काही उठवला नाही. दुखण्यातही तसाच. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. चांदीच्या फुलपात्राला त्यानं स्वतः पेनानं खूण केली, आणि मे महिन्यात जीभ टाळ्याला चिकटली तरी त्या खुणेच्या वर एक थेंब घेतला नाही. तो खूण पाळतोय तोवर तो जगायचं म्हणतोय, एवढं मृणालिनीनं मनाशी धरलं होतं. तिचा स्वतःचा नेमही तिनं वाढवला होता. अळणी एकभुक्त, सांजेला देवीपुढे दिवा, पोथीचा एक अध्याय, आणि नंदूची रात्रीची गोळी आधी देवीच्या पायाशी ठेवून मग त्याला.

एक दिवस पुजाऱ्याचं पान आलं.

"जुन्या गोष्टीत पुजारी प्रार्थना करून विष उतरवतो," नंदू म्हणाला. "ते खोड."

"का रे?"

"नव्या नियमात पहिल्या पायरीच्या पुजाऱ्याला प्रार्थना नाही. खेळत खेळत दुसऱ्या पायरीवर चढला की मिळते."

मृणालिनीचा पेन थबकला. "म्हणजे तो देवाचं करतो आणि देव ऐकत नाही?"

"ऐकत असेल गं. पण फळत नाही. आधी ती पायरी चढायला हवी."

"आणि तोवर कुणी मेलं तर?"

"मेलं."

 ती खालच्या आवाजात म्हणाली, "राहू दे ना ती एक प्रार्थना. सुलक्षणाला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना. ताई, नियमाला गोष्टीसाठी वाकवायचं नसतं. गोष्ट वाकवायची. मी दुसरा काहीतरी उपाय ठेवतो. पण तो तुला सांगणार नाही, कारण तूही खेळणार आहेस."

"मी? वेडा आहेस का!"

"पुजारीण. शोभेल तुला."

तिनं पुजाऱ्याची ओळ खोडली. खोडताना हात जड झाला खरा, पण मन आत कुठेतरी सुखावलंही. अजून वाकत नाही हा.

रविवारी दुपारी सगळे जमले. नंदूचा चेहरा पिवळट दिसत होता, ओठ सुकले होते. सुलक्षणा योद्धा झाली, श्यामकांत चोर. सूत्रधार नंदूच; शिवाय दिवा धरणारा वाटाड्याही त्यानं स्वतःकडे घेतला.

"श्यामकांतदादा, चोर म्हणजे तुम्हाला वेगळी ॲक्टिंग नकोच," सुलक्षणा म्हणाली.

"ए, गप गं. तुझी तलवार आधी सरळ धर, नाहीतर आपल्याच पायावर पडेल. मग वाट लागली."

मृणालिनीलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी हसत होतं.

गुहेत थोडं आत गेल्यावर नंदू म्हणाला, "डाव्या हाताला कोनाडा आहे. त्यात देवीची छोटी मूर्ती. पुढे फुलं, आणि आणखी काहीबाही ठेवलेलं."

"मी हात जोडते," मृणालिनी म्हणाली, आणि खरंच जोडले.

"मग?"

"मग काय? पुढे जायचं."

नंदू थांबला. "पुढे काय काय ठेवलंय ते बघायचं नाही? उचलायचं नाही काही?"

"देवीपुढचं उचलायचं?"

"घरी नाही उचलत तू? माझी गोळी?"

"ती मी ठेवलेली असते रे. हे दुसऱ्या कुणीतरी ठेवलंय. त्याचा काही नवस असेल. आपण कसा हात लावायचा?"

"बरोबर आहे," सुलक्षणा म्हणाली. "पाप लागेल, बाबा." श्यामकांतचा चोरसुद्धा कानाला हात लावून पुढे झाला.  सूत्रधारानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा नियम नव्हता.

कोळी आला. फासे पडले. सुलक्षणानं आरडाओरडा करत त्याला मारलंही; पण त्याआधी तो वाटाड्याला चावला होता.

"विष चढतंय," नंदू म्हणाला. "दिवा हातातून पडला."

"औषध कुठाय मग? असेलच ना तू ठेवलेलं," श्यामकांत म्हणाला.

"होतं. कोनाड्यात, देवीच्या पायाशी. कुपी होती." तो मृणालिनीकडे पाहून हलकेच हसला. "वाटलं, तू तिथे नक्की थांबशील. आता मागे जाऊन आणेपर्यंत उशीर होईल."

 खेळच तो, पण सुलक्षणानंही मान खाली घातली.

"मी प्रार्थना करते," मृणालिनी म्हणाली.

"ताई," श्यामकांत समजुतीनं म्हणाला, "नव्या नियमात ते नाहीये ना. तुम्हीच लिहिलंत."

"माहीत आहे मला. तरी मी करते."

तिला वाटलं, आता नंदू 'नाही' म्हणेल. म्हणावं त्यानं. चिडावं, पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवावं. डोळे मिटून हात जोडले असतानाही ती त्या 'नाही'चीच वाट पाहत होती.

नंदूनं फासा उचलला, तळहातावर धरला, आणि न टाकताच खाली ठेवून दिला.

"बरं," तो म्हणाला. "उतरलं विष. वाटाड्या उठून बसला."

सुलक्षणानं टाळ्या वाजवल्या. श्यामकांतनं वाजवल्या नाहीत. तो मित्राकडे बघत राहिला, मग उठून उगाचच खिडकीशी गेला. घंटा मिळाली, गोष्ट संपली, चहा झाला, दोघं निघून गेले.

सांजेला मृणालिनीनं दिवा लावला. अध्याय वाचला, पण ओठांपुरता. रोज ती त्यानंतर पदर पसरून मागायची. आज काय मागायचं तेच सुचेना. देवीच्या पायाशी ठेवलेली गोळी तिनं उचलली आणि फुलपात्रात खुणेपर्यंत पाणी ओतून घेऊन आली.

नंदू भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं वळून आधी गोळीकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"ताई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आज भरून दे ना. काठोकाठ."

"नंदू, खूण—"

"असू दे गं."

ती तशीच उभी राहिली. आत देवीपुढचा दिवा तडतडला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि माठावरचं झाकण काढलं.